कठड्याच्या चिठ्ठ्या

१

फ्राउ फोग्ट गेल्या त्या मंगळवारी, संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला. नोव्हेंबरात इथे जर्मनीत पाचच्या आत काळोख पडतो. वाइनहाल्डेच्या चौकातून खाली नेकार नदीकडे एकोणपन्नास दगडी पायऱ्या उतरतात. त्यांना दिवा नाही, धरायला कठडा नाही. बाईंचं वय एकोणऐंशी. वरच्याच कुठल्यातरी पायरीवर पाय घसरला असावा. सकाळी कुत्रं फिरवायला निघालेल्या माणसाला त्या तळाशी सापडल्या.

अपघात होता, यात कोणाला शंका नव्हती. शंका आली ती नवव्या दिवशी, गावच्या पेपरातून.

आधी थोडं माझ्याबद्दल. मी पद्माकर, पुण्याच्या विक्रीकर खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक होतो. मुलगा विष्णू नेकारसुल्मच्या कारखान्यात इंजिनिअर आणि सून ऊर्मिला इथल्या राटहाउसमध्ये, म्हणजे नगरपालिकेच्या कचेरीत, नोकरीला. बायको गेल्यापासून मी दर वर्षी तीन महिन्यांच्या व्हिसावर इथे येतो, धुकं बघतो, गुडघे शेकतो आणि परत जातो.

या गावात दोन वर्षांपासून वेष्टनकर आहे. कागदी कपात कॉफी घ्या नाहीतर जेवण डब्यात बांधून घ्या, नगामागे पन्नास सेंट दुकानदार गिऱ्हाइकाकडून घेतो आणि नगरपालिकेत भरतो. कायद्याने कराचा पैसा अमुकच कामाला बांधता येत नाही, हे इथेही खरं. पण नगरपालिकेने जाहीर शब्द दिला होता की पहिल्या वर्षी जे जमेल त्यातून गावात एक सुधारणा करू, आणि ती कोणती ते लोकांनी सांगावं. कर लागू असलेल्या अकरा दुकानांत ऑक्टोबरभर एकेक लाकडी डबा ठेवला. लोकांनी चिठ्ठी टाकायची, ज्याला चिठ्ठ्या जास्त ते काम करायचं. शेवटी दोनच कामं शर्यतीत राहिली. चौकात नवी फरशी आणि बाकं, किंवा पायऱ्यांना कठडा आणि दिवे.

चौक जिंकला. कठड्याला साऱ्या गावातून नऊ चिठ्ठ्या मिळाल्या. ही गेल्या वर्षीची गोष्ट. उन्हाळ्यात चौक झालासुद्धा, चांगला झाला.

आणि आता पेपरात छापून आलं होतं की बाईंच्या पुतण्याला त्यांच्या घरात एक वही सापडली. वहीत दोनशे चौदा नावं. वर बाईंच्या अक्षरात लिहिलेलं, 'यांनी माझ्यासमोर कठड्याची चिठ्ठी टाकली.' पेपरवाल्यांनी त्यातल्या तीस जणांना फोन केले. तिसांनीही सांगितलं, हो, टाकली.

मग त्या चिठ्ठ्या गेल्या कुठे? पेपराने नाव छापलं नव्हतं, पण डबे उघडून मोजणारी कचेरीतली व्यक्ती एकच होती, आणि ती माझ्या समोर बसून नखाने टेबलाचा कोपरा खरवडत होती.

२

"सोमवारी बोलावलंय," ऊर्मिला म्हणाली. "फ्राउ केसलरने. सगळ्यांसमोर विचारणार आहेत."

फ्राउ केसलर म्हणजे तिच्या विभागप्रमुख. ऊर्मिलाचा करार डिसेंबरअखेर संपत होता आणि त्यानंतर तिला कायम करणार असं ठरलेलं होतं. पण तिचा चेहरा नोकरीच्या काळजीचा नव्हता. फ्राउ फोग्टनीच तिला जर्मन शिकवलं होतं, दर मंगळवारी, एक पै न घेता, चौकातल्या गौरांगच्या खाण्याच्या दुकानात बसून. आता गाव म्हणत होतं की त्याच बाईचा कठडा हिने कचऱ्यात टाकला.

मी विचारलं, "चिठ्ठ्या कोणत्या डब्यात टाकल्या होत्या?"

"गौरांगच्या. बाई रोज तिथेच बसायच्या ना. पण त्याच्या डब्यात कठड्याची एकही नव्हती, बाबा. शंभराच्या वर चिठ्ठ्या, सगळ्या चौकाच्या."

"डब्याचं सील?"

"धड होतं. झाकणावर शिक्क्याची कागदी पट्टी, कुठे फाटलेली नाही. आणि खाच इतकी बारीक की आत गेलेली चिठ्ठी बाहेर काढता येत नाही."

"उघडलास तेव्हा आणखी काय दिसलं? आठवेल ते सांग."

तिने डोळे मिटले. "काही नाही. हां, मोहरी होती. तळाशी, चिठ्ठ्यांना चिकटलेली. मला हसू आलं होतं, म्हटलं गौरांगची फोडणी राटहाउसपर्यंत पोचली. हाताने झाडली तर निघेना, ओल्या फडक्याने पुसावी लागली."

मी ते मनात ठेवलं. मग ज्याचं मला सगळ्यात नवल वाटत होतं ते विचारलं. "बाईंना निकाल कळला तेव्हा त्या भांडल्या कशा नाहीत? दोनशे चौदा नावं हातात असलेली बाई गप्प बसते? तुझ्याकडे तक्रार केली नाही त्यांनी?"

ऊर्मिला उठली. "कपडे काढायचेत मशीनमधून," म्हणाली आणि तळघरात गेली. मशीन मीच तासापूर्वी रिकामं केलं होतं.

एकतीस वर्षांत माझ्यासमोर पुष्कळ माणसं अशी उठून गेली आहेत. त्यातलं एकही काही न लपवता गेलेलं नाही.

३

"तुम्ही ऊर्मिलावर संशय घेताय?" विष्णूने गाडीत विचारलं. त्याचा आवाज चढला होता.

"मी सगळ्यांवर घेतो. तू फक्त भाषांतर कर."

गौरांगचं दुकान चौकात, बेकरीला लागून. तो मूळचा इचलकरंजीचा. मोटारीचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होता. तीन वर्षांपूर्वी नोकरी गेली तेव्हा परत न जाता त्याने हे खाण्याचं दुकान टाकलं. विष्णूचा जिवलग मित्र. त्याची बायको शिवांगी गल्ल्यावर बसते, आणि तिचं सगळं पद्धतशीर. खंडेनवमीला दुकानातल्या अवजारांची पूजा करते, आणि घरात वडीलधारं कोणी नाही म्हणून गेल्या वर्षी पूजेला मलाच बसवलं होतं. सुऱ्या, ग्राइंडर, भट्टी, कार्डाचं मशीन, काउंटरवर जे म्हणून होतं त्या सगळ्याला हळदकुंकू. यंदाचं कुंकू अजून फ्रीजच्या दारावर दिसत होतं.

"या काका," गौरांग म्हणाला. त्याचे डोळे सुजलेले होते. "ऊर्मिला असं करणार नाही. मी लिहून देतो कुठेही."

"बाई इथे कुठे बसायच्या?"

त्याने खिडकीजवळची खुर्ची दाखवली. "डबा इथे काउंटरवर होता. येईल त्याला धरायच्या, कठड्याची चिठ्ठी टाका म्हणून."

शिवांगी म्हणाली, "आणि कॉफी नेहमी कागदी कपात, काका. मी म्हणायची, अहो इथेच बसताय, चिनीमातीचा कप घ्या, पन्नास सेंट वाचतील. तर म्हणायच्या, नाही, ते माझ्या कठड्याचे. निकाल लागल्यावर मात्र यायच्याच बंद झाल्या. मला वाटलं, आमचं काही चुकलं."

गौरांग आत निघून गेला. फोडणी करपतेय म्हणाला. मला करपल्याचा वास आला नाही.

बाहेर नव्या फरशीवर त्याची बारा टेबलं पावसात भिजत उभी होती. उन्हाळ्यात तिथे बसायला जागा मिळत नव्हती, असं विष्णू सांगत होता. मी त्याला विचारलं, "चौक झाला नसता तर याचं दुकान चाललं असतं का?"

विष्णू शेजारच्या बेकरीकडे चालू लागला.

४

बेकरीवाला झाइट्स तांबड्या चेहऱ्याचा, तापट. वेष्टनकर म्हणजे लूट, असं त्याचं म्हणणं, आणि पहिल्या वर्षी त्याने कराचं विवरणपत्रच भरलं नव्हतं. 'मी भरणार नाही' असा कागद दारावर लावून ठेवला होता. साऱ्या चौकाने वाचला होता. नगरपालिकेचा नियम असा की विवरणपत्र नाही त्या दुकानाचा डबा उघडायचा नाही.

"माझी गिऱ्हाइकं मूर्ख आहेत का?" तो म्हणाला. "शंभरावर लोकांनी चौकासाठी लिहिलं. मीच लिहायला लावलं, बाकं हवी होती मला दारासमोर. माझा डबा फेकला तळघरात."

"तरी चौकच जिंकला," मी म्हटलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर. नशीब."

"डबा राटहाउसला तुम्हीच नेलात?"

"मी दुकान सोडून कसा जाऊ? राटहाउसचा हाउसमाइस्टर यायचा होता, त्याची पाठ धरलेली. शेजारचा गौरांग स्वतःचा नेत होता, त्याच्याच गाडीत दिला माझाही. भला माणूस आहे."

बोलता बोलता तो एका बाईला पाव देत होता. पावांवर बारीक काळसर दाणे होते आणि गल्ल्याभोवती ते सांडलेले होते, माझ्या बाहीला लागले. मी एक चिमूट उचलून तळहातावर घेतली. हात झाडला तरी दाणे निघाले नाहीत. मी पाव विकत घेतला, खाल्ला आणि विष्णूला विचारलं, "हे काय आहे?"

"मोन. म्हणजे खसखस, बाबा. इथली काळी असते."

आपली खसखस पांढरी. आणि आपली मोहरी टेबलावर सांडली की पळते, तिला चिकटणं माहीत नाही.

राटहाउसच्या तळघराशी हाउसमाइस्टर लुट्झ भेटला. हा कचेरीची देखभाल करणारा, साठीचा, कमरेला पट्टा बांधलेला. गजाआड कपाटांची रांग होती, पण आत जाऊ देईना.

"न उघडलेला डबा दोन वर्षं जपायचा, मग नष्ट करायचा. नियम आहे," तो म्हणाला. "कोणी हात लावलेला नाही. किल्ली माझ्याकडे."

"डबे आले तेव्हा कोणता कोणत्या दुकानाचा ते कसं ओळखलंत?"

"प्रत्येकाच्या मुठीला नावाचं कार्ड, दोऱ्याने बांधलेलं. मी कार्ड वाचलं आणि सही केली." मग नाक मुरडून म्हणाला, "बेकरीवाल्याचा डबा तेवढा घाणेरडा होता. पुढच्या बाजूला सॉस सांडलेला, पिवळा आणि लाल. खाद्यपदार्थ विकतात आणि ही स्वच्छता."

परत येताना विष्णू चिडून म्हणाला, "काय मिळालं बाबा? कोणालाच काही माहीत नाही."

मला सगळं मिळालं होतं. आणि मिळालं नसतं तर बरं झालं असतं, असं वाटत होतं. चोर शोधताना मला कधी वाईट वाटलं नव्हतं, कारण त्यातला एकही माझ्या पाया पडून दसऱ्याचं सोनं देणारा नव्हता.

५

सोमवारी सकाळी दहा वाजता राटहाउसच्या बैठकीच्या खोलीत दिवे लावावे लागले होते. फ्राउ केसलर, बाईंचा पुतण्या, लुट्झ, झाइट्स, गौरांग आणि शिवांगी. ऊर्मिला एका टोकाला. मी पाहुणा, पण मी आणि विष्णूने शुक्रवारी फ्राउ केसलरना भेटून एक विनंती केली होती, आणि ती त्यांनी मानली होती. टेबलावर बेकरीच्या नावाचं कार्ड लटकवलेला न उघडलेला डबा ठेवला होता.

मी उभा राहिलो. विष्णू वाक्यागणिक भाषांतर करत गेला.

"माझ्या सुनेने चिठ्ठ्या फेकल्या असत्या तर गौरांगच्या नावाच्या डब्यात काय उरलं असतं? त्याच्या दुकानातलं काहीतरी. पण उरली होती काळी खसखस. तिला ती मोहरी वाटली, कारण आपल्या माणसाच्या डब्यात काळा दाणा म्हणजे मोहरीच. ती कागदाला चिकटली होती, मोहरी चिकटत नाही. इथे काळी खसखस कोणाच्या गल्ल्याशी सांडते?"

झाइट्स म्हणाला, "माझ्या."

"म्हणजे उघडला तो डबा तुमचा होता. तुमच्या गिऱ्हाइकांच्या शंभर चिठ्ठ्या मोजल्या गेल्या, चौकाच्या. सील कोणी फोडलं नाही, चिठ्ठी कोणी काढली नाही. फक्त कार्डं बदलली, अर्ध्या मिनिटाचं काम. ज्याला माहीत होतं की बेकरीचा डबा उघडणार नाहीत, आणि ज्याला माहीत होतं की खिडकीत बसलेल्या बाईने आपला डबा कठड्याच्या चिठ्ठ्यांनी भरून टाकलाय, त्याने हे केलं."

फ्राउ केसलरनी विचारलं, "हा अंदाज झाला. पुरावा?"

मी डबा फिरवून त्याची पुढची बाजू त्यांच्याकडे केली. कच्च्या लाकडात मुरलेला पिवळा पट्टा आणि त्यावर लाल ठिपका.

"तुमच्या लोकांना हा सॉस दिसला. ही हळद आहे आणि वर कुंकू आहे. आमच्यात वर्षातून एकदा कामाच्या वस्तूंची पूजा करतात. गेल्या वर्षी गौरांगच्या काउंटरवरच्या प्रत्येक वस्तूला ते लागलं. हा डबाही काउंटरवर होता." मी उजव्या हाताची अनामिका ठिपक्याशी नेली. "ते मी लावलं. हे बोट माझं आहे."

शिवांगीने नवऱ्याकडे पाहिलं. तिला भाषांतराची गरज नव्हती.

"एकच प्रश्न राहतो," मी म्हटलं. "कार्ड बदलताना त्याने ही खूण पुसली कशी नाही? तर त्याला ती दिसलीच नाही. ज्याच्या फ्रीजवर, भट्टीवर, गाडीच्या स्टिअरिंगवर बारा महिने कुंकू असतं, त्याला ते वेगळं म्हणून दिसत नाही. दोन्ही डबे एकाच वेळी एकाच माणसाच्या हातात होते. त्याच्या गाडीत."

लुट्झने पट्टी कापली. चिठ्ठ्या मोजायला पुतण्या आणि फ्राउ केसलर बसले. दोनशे सव्वीस निघाल्या. कठड्याच्या दोनशे एकोणीस. त्या तेव्हाच मोजल्या असत्या तर कठडा जिंकला असता.

गौरांग मराठीत बोलला, आणि माझ्याशीच बोलला. "आत सहा टेबलं होती, काका. हिवाळ्यात चार माणसं यायची. हे दुकानही हातातून गेलं असतं तर मी इचलकरंजीला कोणत्या तोंडाने गेलो असतो? मला वाटलं, कठडा काय, पुढच्या वर्षी होईल. दर वर्षी कर जमणारच आहे. त्या रोज त्याच पायऱ्या उतरतात हे मला माहीत होतं. माहीत होतं, पण तसं डोक्यात आलं नाही."

"आता ते जर्मनमध्ये सांग," मी म्हटलं. "पुतण्याकडे बघून सांग."

त्याने सांगितलं. शिवांगी मध्येच उठून बाहेर गेली. मी आयुष्यात पुष्कळांना पकडलं आणि त्या दिवशी चवीने जेवलो. त्या सोमवारी मी जेवलोच नाही.

६

फ्राउ केसलरनी ऊर्मिलाची सर्वांसमोर माफी मागितली. कायम नोकरीचं पत्र आठवड्यात देतो म्हणाल्या. कठड्याचं काम ताबडतोब हाती घेऊ, असंही. पुतण्याने तिचा हात हातात घेतला. विष्णू मित्राला सोडायला गेला, की जाब विचारायला, ते मी विचारलं नाही.

घरी आल्यावर ऊर्मिला कोट न काढता स्वयंपाकघरात बसून राहिली. मी म्हटलं, "झालं गेलं. तुझ्यावरचं बालंट टळलं."

"बाबा, तुम्ही विचारलं होतं ना, त्यांनी तक्रार का केली नाही."

"हो."

"मी टाळलं. कारण मला ठाऊक होतं." ती टेबलाकडे बघत होती. "निकाल लागला त्या मंगळवारी त्या शिकवायला आल्या होत्या. मीच सांगितलं, गौरांगच्या डब्यात एकही नाही. त्यांनी दोनदा विचारलं, नीट मोजलंस का. मी म्हटलं, नीट मोजलं. आणि खरंच नीट मोजलं होतं, बाबा. मग त्या म्हणाल्या, म्हणजे लोकांनी म्हातारीचं मन राखायला नुसतं टाकल्यासारखं केलं. मी म्हटलं, हो, असं करतात लोक, मनाला लावून घेऊ नका. त्यांची समजूत काढायला म्हटलं मी."

मी तिच्यासमोरची खुर्ची ओढून बसलो.

"त्यानंतर शिकवायला आल्या नाहीत. वर्षभर त्या याच गावात फिरत होत्या. दोनशे माणसं रस्त्यात भेटत होती, नमस्कार करत होती, आणि प्रत्येक जण आपल्याशी खोटं बोलला असं त्यांना वाटत होतं. एकही खोटं बोललेला नव्हता. त्यांना ते कोणी सांगितलं? मी सांगितलं."

तिचं चुकलं नाही, हे मी तिला पटवू शकलो असतो. कलमं लावून, पुराव्यानिशी. तोंड उघडलंही होतं. पण तिने मान वर केली तेव्हा लक्षात आलं की तिला ते सगळं आधीच माहीत आहे आणि त्याचा काही उपयोग झालेला नाही.

मी उठून चहाचं आधण ठेवलं. या घरात चहा मी कधी केला नव्हता. साखर कुठे ठेवतात तेही मला ठाऊक नव्हतं, आणि तिला विचारवेना, म्हणून मी एकेक डबा उघडून बघत राहिलो.